छोटे आशियाई मासे: आधी पाणी ठरवा, मग मासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2 फुटी, साधारण 60 लिटरचा टँक आहे, त्यात फक्त आशियातलेच छोटे मासे ठेवायचेत, आणि यादी काढलीय ती चिली रासबोरा, गॅलेक्सी रासबोरा, टायगर बार्ब, व्हाइट क्लाउड, हनी गुरामी, पी पफर आणि डेनिसन बार्ब, प्रत्येकी दोन-दोन तीन-तीन. शिवाय पहिल्या खेपेला आणलेले मासे तीन आठवड्यांत एकेक करत गेले, ते का गेले हेही विचारलंय. मी गेली वीस-बावीस वर्षं हेच छोटे मासे पाळतोय आणि त्यांची पिल्लं काढतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, नुसतं हो किंवा नाही सांगून भागणार नाही.

आधी यादीबद्दल. यातला एकही मासा वाईट नाही, माझ्याकडे हे सगळे कधी ना कधी होते. पण हे सगळे "आशियाई" आहेत एवढ्यावरून ते एका टँकमध्ये जमतील असं धरून चालू नका, कारण आशिया म्हणजे काही एक पाणी नव्हे. चिली रासबोरा येतो बोर्निओच्या दलदली जंगलातून, तिथे शेकडो वर्षांचा पालापाचोळा कुजून जमिनीचा थर झालेला असतो, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, त्यात क्षार जवळजवळ नाहीतच, आणि पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, 7 च्या खाली आम्ल) 4 ते 6 च्या दरम्यान. गॅलेक्सी रासबोरा येतो म्यानमारच्या शान राज्यातल्या डोंगराळ भागातून, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंचीवर, झऱ्याचं स्वच्छ पाणी, भरपूर वनस्पती, पीएच 7 च्या वर आणि पाणी गारच. व्हाइट क्लाउड चीनमधल्या ग्वांगझोजवळच्या बाययुन डोंगरातल्या ओढ्यांमधला, बाययुन म्हणजे पांढरा ढग, त्याचंच नाव माशाला पडलं. त्याला 16 ते 22 डिग्री मानवतं, त्याहून थंडसुद्धा सोसतो, पण सतत 28-29 डिग्रीत ठेवला तर महिना-दोन महिने बरा दिसतो आणि मग झिजत जातो. आता हे तिघं एका टँकमध्ये ठेवायचे म्हणजे तिघांपैकी दोघांना कायम अडचणीत ठेवायचं. मासा लगेच मरत नाही म्हणून आपल्याला वाटतं की जमलं, पण रंग येत नाही, अंडी घालत नाही, आणि पहिल्या छोट्याशा आजारात जातो.

म्हणून मी कुणालाही हेच सांगतो की मासा नंतर निवडा, आधी तुमच्या नळाला किंवा विहिरीला जे पाणी येतं ते मोजा. पीएच, जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा), केएच (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) आणि जमलं तर टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार). ड्रॉप टेस्ट किट घ्या, पट्ट्यांवर फार विसंबू नका. उन्हाळ्यात टँकचं पाणी किती डिग्रीला जातं तेही थर्मामीटर ठेवून दुपारी तीनला बघा. या चार-पाच आकड्यांवरून तुमची यादी आपोआप अर्धी होते. पाणी बदलून माशाच्या लायक करता येतं, आरओचं पाणी मिसळून मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, करता येतं, पण ते दर आठवड्याला न चुकता करावं लागतं, आणि नवीन माणसाचा पहिल्या दोन महिन्यांचा उत्साह ओसरला की तिथेच गाडी अडते. त्यापेक्षा घरच्या पाण्यात आनंदाने राहील असा मासा घ्यावा. तसे मासे आशियात भरपूर आहेत.

आता मासे का गेले. तुम्ही लिहिलंय की टँक लावला, दोन दिवस फिल्टर चालवला, पाणी काचेसारखं स्वच्छ झालं आणि मग चौदा मासे एकदम सोडले. बघा, पाणी स्वच्छ दिसणं आणि पाणी तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माशाच्या कल्ल्यांमधून आणि विष्ठेतून अमोनिया सतत बाहेर पडतो, त्याचं नायट्राइट करणारे बॅक्टेरिया वेगळे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे, आणि हे दोन्ही फिल्टरच्या स्पंजवर, मातीत, दगडांवर बसायला सुरुवातीला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत अमोनिया वाढत राहतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तीन आठवड्यांत एकेक करत गेले हे वर्णन अगदी नायट्राइटच्या टप्प्याशी जुळतं. मासे वर येऊन तोंडाने हवा घ्यायचे का, कल्ले भरभर हलायचे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आठवून बघा. छोट्या माशांचं शरीरच एवढंसं, त्यांना हे सोसायची ताकद फार नसते. आता टँक रिकामाच आहे तर घाई करू नका, कुणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला फिल्टरचा स्पंज मिळाला तर त्याचा तुकडा तुमच्या फिल्टरमध्ये घाला, झाडं आत्ताच लावा, आणि अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच मासे. आणि हो, क्लोरीन काढायचं औषध पाणी बदलताना दर वेळी, नळाचं पाणी असेल तर यात सूट नाही.

इथे एक खाच सांगतो जी मऊ पाण्यात मासे पाळणाऱ्यांना फार उशिरा कळते. पीएच 6 च्या खाली गेला की अमोनिया बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात असतो, तो माशाला फारसा त्रास देत नाही. पण त्याच वेळी बॅक्टेरियाचं कामही मंदावतं, म्हणजे टँकमध्ये अमोनियम साठत जातं आणि मासे मात्र ठणठणीत दिसतात. मग एक दिवस माणूस म्हणतो खूप दिवस पाणी बदललं नाही, आणि 8 पीएचचं नळाचं पाणी निम्म्याहून जास्त एकदम ओततो. पीएच चढतो, साठलेलं अमोनियम क्षणात विषारी अमोनिया होतं, आणि तासाभरात मासे उलटे. लोक म्हणतात "पाणी बदललं म्हणून मेले". पाणी बदललं म्हणून नाही, इतके दिवस बदललं नव्हतं म्हणून. दर आठवड्याला 20 टक्के बदललं असतं तर हे झालंच नसतं.

आता दोन-दोन तीन-तीनचा मुद्दा. हे छोटे मासे निसर्गात शेकड्यांनी राहतात. रासबोरा, डॅनिओ, बार्ब यांच्यासाठी टोळी हेच घर. आजूबाजूला आपलेच दहा-पंधरा जण आहेत असं दिसलं तरच तो मासा उघड्यावर येतो, नर एकमेकांसमोर पर पसरून ऐट दाखवतात, आणि तुम्ही ज्या रंगासाठी मासा आणलाय तो रंग दिसतो. दोन-तीनच ठेवले तर ते दिवसभर फिल्टरच्या मागे बसतात, नाहीतर त्यातला एक दुसऱ्याला छळून मारतो. टायगर बार्बची बदनामी झालीय की तो दुसऱ्यांचे पर कुरतडतो, ते खरंही आहे, पण आठ-दहाच्या वर टोळी असली की त्यांची भांडणं बरीचशी आपापसांत मिटतात, तीनच असले की ती सगळी खुमखुमी शेजाऱ्यावर निघते. तुमच्या यादीत त्याच्या शेजारी हनी गुरामी आहे, ज्याचे पोटाखालचे पर धाग्यासारखे लांब असतात आणि तो त्यांनी चाचपत फिरतो. ते धागे दुसऱ्या दिवशी नसतील. म्हणून टायगर बार्ब आत्ता यादीतून काढा, पुढे 3 फुटी टँक घेतलात तर त्याची स्वतंत्र टोळी करा, तेव्हा तो फार देखणा मासा आहे.

डेनिसन बार्बही काढा. दुकानात तो दोन इंचाचा असतो म्हणून छोट्या माशांत धरला जातो, पण तो 11 ते 15 सेंटीमीटरचा होतो, वेगाने पोहणारा, केरळ आणि आसपासच्या सह्याद्रीतल्या वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या नद्यांमधला मासा, त्याला 4 फुटांपेक्षा कमी लांबी म्हणजे कोंडवाडा. 2013 मध्ये त्याच्यासाठी सह्याद्रिया नावाची नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली गेली, आपल्या डोंगराचं नाव माशाला मिळालं याचा मला फार आनंद आहे. पण हाच मासा शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी इतका पकडला गेला की आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो धोक्यात आलेला म्हणून नोंदलाय. पुढेमागे मोठा टँक केलात तर पैदास केंद्रात जन्मलेलाच मागा.

पी पफर. हाही आपल्याच पश्चिम घाटातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातला, जेमतेम अडीच सेंटीमीटरचा, वाटाण्याएवढा म्हणून ते नाव. डोळे वेगवेगळे फिरवतो, तुम्ही काचेजवळ गेलात की येऊन निरखून बघतो, माणूस त्याच्या प्रेमात पडतोच. पण हा शिकारी आहे. त्याला गोगलगायी, अळ्या, ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या) लागतात, कोरडं खाणं बहुतेक पफर बघतही नाहीत, आणि बाकीच्या माशांच्या परांचे तुकडे तोडणं त्याला सहज जमतं. त्याला वेगळा टँक, दाट झाडी, आणि गोगलगायी वाढवायला बाजूला एक छोटी बरणी. तुमच्या 60 लिटरमध्ये चार-पाच पफर आणि दुसरं काहीही नाही, असा टँक करायचा असेल तर जरूर करा, फार सुंदर होतो. पण मग तोच एक, बाकीची यादी विसरायची.

राहिले चिली, गॅलेक्सी, व्हाइट क्लाउड आणि हनी गुरामी. यांतून तुमच्या पाण्याप्रमाणे एक मुख्य टोळी निवडा आणि तिच्याशी जुळेल असा फार तर एखादा साथीदार.

पाणी मऊ असेल किंवा आरओ मिसळायची तयारी असेल तर चिली रासबोरा, शास्त्रीय नाव बोरारास ब्रिजिटी. जास्तीत जास्त दोन सेंटीमीटर. बोरारास हे नाव म्हणजे रासबोराचीच अक्षरं उलटसुलट केलेली आहेत, 1993 मध्ये ही प्रजाती वेगळी केली तेव्हा कारण असं होतं की रासबोराच्या मणक्यांत पोटाकडचे आणि शेपटीकडचे मणके ज्या प्रमाणात असतात त्याच्या बरोबर उलट प्रमाण या बारक्यांमध्ये सापडलं, म्हणून नावही उलटवलं. मला हे नाव ठेवणाऱ्यांचं फार कौतुक वाटतं. हा मासा वीस-पंचवीसच्या टोळीत ठेवा, 60 लिटरला ते जड नाहीत. तळाला गडद माती किंवा वाळू, लाकूड, जावा मॉस आणि क्रिप्टोकोरीन या पाणवनस्पती, वर तरंगणाऱ्या वनस्पती म्हणजे उजेड मंद होतो, आणि देशी बदामाची वाळलेली पानं. ही पानं पाण्यात टॅनिन सोडतात, पाणी चहासारखं होतं, आणि त्या पाण्यात या माशाचा लाल रंग असा काही उठतो की दुकानात पांढऱ्या लाइटखाली बघितलेला फिकट मासा तो हाच का असं वाटतं. पानं चार-सहा आठवड्यांत कुजून जाळीदार होतात, ती काढू नका, त्यावर जी बुरशी आणि सूक्ष्म जीव वाढतात ते हे मासे दिवसभर टिपत असतात.

आणि इथे खाण्याचा विषय निघाला तर माझी चूक सांगतो. पहिल्यांदा मी बारा चिली आणले तेव्हा पाणी अगदी व्यवस्थित होतं, सायकल झालेलं (म्हणजे फिल्टरमध्ये बॅक्टेरिया बसलेले), मऊ, सगळं. बारीक पेलेट घालायचो, मासे धावत यायचे, तोंडात घ्यायचे, मला वाटायचं खातायत. तीन आठवड्यांनी एकदा भिंग घेऊन बसलो तेव्हा दिसलं की प्रत्येक मासा दाणा तोंडात घेतो, दोन सेकंद धरतो आणि थुंकतो. दाणा तोंडापेक्षा मोठा होता. पोटं आत गेली होती, पाठीची रेष धारदार दिसायला लागली होती. बारातले पाचच वाचले. भरल्या टँकमध्ये मासे उपाशी मेले, आणि ते मी रोज समोर बसून बघत होतो. तेव्हापासून खाणं घातल्यावर पोट बघतो, गर्दी बघत नाही. या माशांना फ्लेक द्यायचे तर दोन बोटांत चुरून अगदी पीठ करून द्या, आणि आठवड्यातून तीन-चारदा तरी जिवंत काहीतरी, आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची) ताजी पिल्लं सगळ्यात उत्तम. एक लिटर पाण्यात 25-30 ग्रॅम मीठ, चिमूटभर अंडी, एअर पंपची नळी तळापर्यंत, 28 डिग्री, आणि चोवीस तासांत नारिंगी ढगासारखी पिल्लं तयार. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, टरफलं वर तरंगतात, पिल्लं खाली उजेडाकडे जमतात, नळीने ओढून बारीक जाळीतून गाळा, साध्या पाण्यात धुवा आणि घाला. पोटं नारिंगी झालेली बाहेरून दिसतात, एवढे हे मासे पारदर्शक.

पाणी कठीण आणि पीएच 7 च्या वर असेल, आणि उन्हाळ्यातही टँक 26 च्या आसपास ठेवता येत असेल तर गॅलेक्सी रासबोरा. नाव रासबोरा पडलं तरी तो डॅनिओ आहे, डॅनिओ मार्गारिटाटस. 2006 मध्ये तो इन्ले तळ्याच्या पूर्वेला होपोंगजवळच्या एका छोट्या तळ्यात सापडला, त्याचे फोटो जगभर पोचले आणि 2007 मध्ये शास्त्रीय वर्णन छापून येईपर्यंत त्या जागेवरून इतके मासे उचलले गेले होते की तो संपतोय की काय अशी भीती होती. पुढे आणखी काही ठिकाणी तो सापडला, आणि मुख्य म्हणजे टँकमध्ये त्याची पिल्लं सहज निघतात हे लोकांच्या लक्षात आलं, त्यामुळे आज पैदास केलेला गॅलेक्सी मिळू शकतो, तोच घ्या. निळसर काळ्या अंगावर मोत्यासारखे ठिपके, परांवर तांबड्या-काळ्या रेघा. नर एकमेकांशी भांडतात, त्यामुळे मॉसचे गठ्ठे दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि माद्या जास्त घ्या, पंधरातल्या दहा तरी. मादी रोज थोडी-थोडी अंडी मॉसमध्ये टाकते आणि बाकीचे लगेच खातात, मॉसचा तो गठ्ठाच उचलून वेगळ्या डब्यात ठेवलात तर काही दिवसांत काचेला चिकटलेल्या बारीक काळ्या रेघा दिसतील, ती पिल्लं.

व्हाइट क्लाउडबद्दल एवढंच की टँक वर्षभर 24 च्या खाली राहत नसेल तर घेऊ नका. एकेकाळी निऑन टेट्रा महाग होता तेव्हा याला "गरिबाचा निऑन" म्हणायचे, आणि ते ऐकून लोक याला निऑनसारखं हीटर लावून ठेवतात, तिथेच चुकतं. उन्हाळ्यात पाणी दोन-तीन डिग्रीने उतरवायचं असेल तर छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा, बाष्पीभवनाने पाणी गार होतं. फक्त उडालेलं पाणी भरताना नळाचं भरू नका, पाणी उडतं पण क्षार मागे राहतात, महिनाभरात पाणी कडक होत जातं, तिथे आरओ किंवा पावसाचं स्वच्छ पाणी वापरा.

पाणी मधलं असेल, ना फार मऊ ना फार कडक, आणि टँक 25 ते 28 मध्ये राहत असेल, जे बहुतेकांचं असतं, तर खरं सांगायचं तर मी तुमच्या यादीत नसलेला मासा सुचवेन. हार्लेक्विन रासबोरा. थायलंडच्या दक्षिणेपासून मलेशिया, सिंगापूर, सुमात्रापर्यंतचा, चार-साडेचार सेंटीमीटरचा, तांबूस अंग आणि मागच्या अर्ध्यावर काळा त्रिकोण. सगळ्या दुकानांत असतो म्हणून लोक त्याच्याकडे बघत नाहीत. पण बारा हार्लेक्विनची टोळी आणि रुंद पानांची क्रिप्टोकोरीन एवढंच 60 लिटरमध्ये ठेवून बघा. एखाद्या सकाळी दिसेल की एक जोडी पानाखाली जातेय, मादी आधी उलटी होऊन पोट पानाच्या खालच्या बाजूला घासते, दोन-तीनदा नुसतंच घासते, मग नर तिच्या शेजारी उलटा होतो, शेपटीचा भाग तिच्या अंगावरून गुंडाळतो, दोघंही क्षणभर थरथरतात आणि पानाखाली तीन-चार अंडी चिकटलेली राहतात. मग दोघं सरळ होतात, एक फेरी मारतात आणि पुन्हा त्याच पानाखाली. इतर बरेचसे रासबोरा पाण्यात अंडी विखरून मोकळे होतात, हा मासा मात्र पान निवडतो, कधी कधी दहा पानं तपासून अकरावं घेतो. मी हे शेकडो वेळा बघितलंय आणि अजूनही हातातलं काम टाकून बघत बसतो.

हार्लेक्विनबरोबर हनी गुरामीची एक जोडी ठेवता येईल. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, भारत आणि बांगलादेशातला हा मासा, फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं, झेब्रा डॅनिओचंही त्याच ग्रंथात आहे. शांत मासा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नर मधासारखा पिवळा होतो आणि वीणीच्या वेळी गळ्याखाली काळानिळा, पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करतो. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतला प्राणवायू घेणारा एक अवयव असतो, म्हणून तो वर येऊन हवा गिळतो, ते आजाराचं लक्षण नाही. फक्त झाकण असू द्या म्हणजे पाण्यावरची हवा उबदार आणि दमट राहते, पिल्लांना तर ती लागतेच. झाकण तसंही हवंच, डॅनिओ आणि रासबोरा उड्या मारतात. ड्वार्फ गुरामी जास्त रंगीत दिसतो म्हणून त्याच्याकडे मन जाईल, पण त्याच्यात एक विषाणूचा आजार फार पसरलाय ज्यावर औषध नाही, म्हणून मी गेली काही वर्षं हनीच सुचवतो.

तळासाठी सहा कुहली लोच (सापासारखे लांबट छोटे मासे) घालता येतील, पण वाळू बारीक हवी, धारदार खडी असेल तर नकोच, ते वाळूत तोंड खुपसून, कधी पूर्ण पुरून घेऊन राहतात.

बाजूला एक गोष्ट, कारण "छोटा" म्हणजे किती छोटा हे कळावं. 2006 मध्ये सुमात्राच्या दलदलीतून पेडोसिप्रिस नावाचा मासा वर्णन झाला, त्याची पूर्ण वाढलेली मादी 7.9 मिलिमीटरची, आणि तो राहतो पीएच 3 च्या आसपासच्या पाण्यात. आणि म्यानमारच्या डॅनिओनेला सेरेब्रम या 12 मिलिमीटरच्या पारदर्शक माशाबद्दल 2024 मध्ये प्रसिद्ध झालं की तो शरीराच्या लांबीइतक्या अंतरावर 140 डेसिबलपर्यंतचा आवाज काढतो. टँकमध्ये आवाज ऐकायचाच असेल तर स्पार्कलिंग गुरामी ठेवा, रात्री लाइट घालवला की पुढच्या परांच्या शिरा तारेसारख्या छेडून टकटक-कुर्रर्र करतात, खोली शांत असेल तर पलंगावरून ऐकू येतं. ज्या दलदलींतून असे मासे येतात त्या तोडून पामतेलाच्या बागा होतायत, वाळलेली दलदल पेटली की महिनोन्‌महिने धुमसते, आणि काही लिकोरिस गुरामींचं तर सगळं घर म्हणजे अशी एकच दलदल. अशा जाती आज काही पाळणाऱ्यांच्या टँकमध्ये जपल्या जातायत, माझ्याकडेही अशा एका जातीचे दोन टँक आहेत आणि त्यांचं पाणी बदलायला मी कधी उशीर करत नाही.

नवीन मासे थेट मुख्य टँकमध्ये सोडू नका. एक 20 लिटरचा साधा टँक, स्पंज फिल्टर, थोडं मॉस, तीन ते चार आठवडे. आशियाई माशांत कमॅलॅनस नावाचा जंत फार आढळतो, मासा स्थिर उभा असताना गुदाजवळ लाल दोऱ्याची बारीक टोकं बाहेर आलेली दिसतात आणि हलला की आत जातात. एका माशात दिसला तर सगळ्यांना आहे असं धरा, कारण टँकमध्ये तो माशातून माशात सरळ पसरतो. लेव्हामिसोल या औषधाने जातो, पण अळ्या तळाशी पडतात म्हणून औषधानंतर तळ नीट सायफन करायचा (नळीने घाण ओढून काढायची) आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक डोस. मुख्य टँकमध्ये हे करणं म्हणजे महिन्याभराची डोकेदुखी, छोट्या टँकमध्ये अर्ध्या तासाचं काम.

रंगवलेले मासे घेऊ नका. काचमाशांना सुईने रंग टोचून गुलाबी-हिरवे करून विकतात, त्यात बरेच मरतात आणि उरलेल्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो. आणि कुठलाही टँकमधला मासा, अगदी भारतीय जातीचा असला तरी, ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नका, नको झाला तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

दुकानात गेल्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. टोळी टँकच्या मध्यात फिरतेय का कोपऱ्यात वर गोळा झालीय, एखाद्याची पाठ वाकडी किंवा पोट आत गेलंय का, त्याच टँकमध्ये मेलेला मासा पडलाय का. पडला असेल तर बाकीचे कितीही छान दिसले तरी त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या. कधी आले ते विचारा, कालच आले असतील तर आठवडाभर थांबा, प्रवासात जे जायचे ते त्या आठवड्यात जातात. आणि दुकानदाराला समोर थोडं खाणं घालायला सांगा. कोण येतं ते तर बघाच, पण घेतलेला दाणा पोटात जातो का परत बाहेर येतो, तेवढं नीट बघून मगच पिशवी भरायला सांगा.